वासोट्याची सहल आखताना

आज आम्ही सहलीवर बोलणार आहोत. गटाची सहल म्हटली की आपल्याकडं सगळं ठरलेलं असतं. गाडी करायची, औदुंबर, नरसोबाची वाडी, जोतिबा, कोल्हापूरची अंबाबाई, येताना कुठंतरी चहा-भजी आणि रात्री अकराला दारात. त्यात वाईट काहीच नाही. आम्हीही अशा सहली केल्यात, पुढंही करू. पण यंदा साताऱ्याच्या आणि सांगलीच्या आम्ही गटांतल्या बायकांनी एकत्र बसून ठरवलं, की एकदा बोटीत बसायचं आणि बोटीनं जाऊन गड बघायचा.

परदेशात अशा सहली असतात. जर्मनीत ऱ्हाईन नावाची मोठी नदी आहे, तिच्या दोन्ही काठांवर जुने किल्ले आहेत. बोट एकेका गावाला थांबते, माणसं उतरतात, किल्ला बघतात आणि पुढच्या बोटीत बसतात. त्या किल्ल्यांतले पुष्कळसे नदीवरून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायला बांधलेले. आपले गड तसे काठावर नाहीत, डोंगरावर आहेत. तरीसुद्धा आपल्या साताऱ्यात बोटीनं गाठायचा एक गड आहेच. त्याचं नाव वासोटा. जावळीच्या जंगलात, कोयनेच्या पाण्याच्या पलीकडं. शिवाजी महाराजांनी तो 1660 साली घेतला आणि त्याला व्याघ्रगड म्हटलं.

त्या काळी तिथं बोट नव्हती, कारण एवढं पाणीच नव्हतं. कोयना नदी खोऱ्यातून वाहत होती आणि माणसं काठानं चालत जायची. साठच्या दशकात कोयना धरण झालं, पाणी अडलं आणि मागं पन्नासेक किलोमीटरपर्यंत जलाशय पसरला. त्यालाच शिवसागर म्हणतात. आता साताऱ्याहून कासवरून बामणोलीला जायचं, 35-40 किलोमीटर रस्ता, आणि तिथल्या बोट क्लबची बोट घेऊन वासोट्याच्या पायथ्याला उतरायचं. बोटीला तास-दीड तास लागतो.

सांगलीच्या बायकांना हे पाणी परकं नाही. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर येऊन भेटते आणि मग ते पाणी आपल्या दारावरून जातं. 2005 ला, 2019 ला, 2021 ला आम्ही रात्री जागून काढल्या त्या एकाच गोष्टीकडं कान लावून, कोयनेतून किती पाणी सोडलं. पावसाळ्यात ज्या धरणाच्या नावानं पोटात गोळा येतो, ते हिवाळ्यात शांत असताना कसं दिसतं ते बघावं, असं एकीनं बैठकीत म्हटलं आणि तिथंच सहल पक्की झाली.

आता आखणीचं. आमच्यातल्या दोघी आधी जाऊन सगळं बघून आल्या. गटाची सहल असेल तर हा खर्च वाचवू नका. फोनवर सगळं 'होय, होतंय' असंच ऐकू येतं. न्हाणीघर कुठं, बोटीत चढायला फळी आहे का दगडावरून पाय टाकायचा, गुडघे दुखणारीला ते जमेल का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

पहिला प्रश्न तारखेचा. पावसाळ्यात वासोटा बंद असतो, बोटीही जात नाहीत. कासची फुलं बघायची हौस पुष्कळींना होती, पण ती ऑगस्ट ते ऑक्टोबरची. फुलं आणि वासोटा एका सहलीत धरायचं म्हणजे दोन्ही दगडांवर पाय. आम्ही फुलं सोडली. मग दिवाळीनंतरचा काळ बघितला. तासगावकडच्या बायकांना ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागेत मान वर करायला वेळ नसतो, विरळणी, डिपिंग चालूच. ऊसतोडी सुरू झालेल्या. मग मार्गशीर्ष आला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या निम्म्या बायकांचा उपास, घट मांडलेला, त्या दिवशी कोणी उंबरा ओलांडणार नाही. नाताळ ते एक जानेवारी बामणोलीला शहरातल्या गाड्यांची रांग. शनिवार-रविवारी बोटीला गर्दी. आठवड्याचा बाजार प्रत्येक गावाचा वेगळा. हे सगळं काटत काटत शेवटी राहिलं काय, तर जानेवारीचा पहिला आठवडा उलटल्यावर संक्रांतीच्या आतले मंगळवार-बुधवार. पौष असल्यामुळं लग्नंही नाहीत. संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, मग कोण हलतंय? उन्हाळ्याचा विचार आम्ही केलाच नाही. तेव्हा पाणी खाली जातं, काठाला नुसता चिखल आणि दगड उघडे पडतात, बोटीपर्यंतची चाल वाढते.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि सगळी सहल ह्याच्यावर उभी आहे. आपण बेत करताना सकाळपासून मोजतो. पाचला निघू, आठला पोचू, मग बघू. बोटीच्या सहलीत असं चालत नाही. तिथं परतीपासून मागं मोजायचं. आम्ही वहीत काय मांडलं ते सांगतो. जानेवारीत सहाच्या सुमारास दिवस मावळतो, डोंगराच्या कुशीत त्याच्याही आधी अंधारतं. म्हणून साडेपाचला बोट बामणोलीच्या काठाला लागलेली पाहिजे. म्हणजे पायथ्यावरून चारला सुटली पाहिजे. गड उतरायला आमच्यासारख्यांना दोन तास, म्हणजे दोनला वरून निघायचं. वर तासभर तरी थांबणार, भाकरी खाणार, म्हणजे एकच्या आत वर पोचायचं. चढायला तीन तास, म्हणजे दहाला चढ सुरू. चौकीवर तपासणी, नोंद, त्याला अर्धा तास, म्हणजे साडेनऊला पायथा. म्हणून आठला बोट सुटायला हवी. त्याच्याआधी बामणोलीला वनखात्याच्या कार्यालयात परवानगी, ओळखपत्रं, बोट क्लबवर पावती, जाकिटं घालणं. म्हणजे सातला तिथं तयार.

हा हिशेब मांडला आणि मुक्कामाचा प्रश्न आपोआप सुटला. सगळ्यांच्या तोंडी होतं की रात्री सज्जनगडावर राहायचं, गडावर सोय आहे, समर्थांच्या समाधीचं दर्शन, प्रसाद. खरंय, पण सज्जनगडाचा दरवाजा रात्री बंद होतो, आणि पहाटे उतरून साताऱ्यात यायचं, तिथून यवतेश्वराचा घाट चढून कास, पुढं बामणोली. तीस बायका सातला तिथं पोचणं अवघड. म्हणून पहिल्या दिवशी सांगलीची गाडी पहाटे निघून कराडला प्रीतिसंगमावर थांबेल, साताऱ्याच्या बायका साताऱ्यात भेटतील, दुपारच्या प्रसादाला सज्जनगड, आणि दिवस असताना घाट चढून मुक्काम बामणोलीतच, तिथल्या घरगुती सोयीत. अजिंक्यताऱ्यावर गाडी वरपर्यंत जाते, मंगळाईचं दर्शन होतं, ताराबाईंनी मोगलांकडून परत मिळवलेला गड आहे, बघावा असा आहे. पण आम्ही तो ह्यावेळी वगळला. दोन दिवसांत तीन गड म्हणजे नुसतं गाडीत चढणं-उतरणं.

आता सगळ्याच जणी वासोटा चढणार का? नाही. आणि इथंच आमच्या बैठकीत चांगली वादावादी झाली. तरुण सुनांचं म्हणणं, ज्यांना जमत नाही त्यांनी पायथ्याला सावलीत बसावं. थोरल्यांचं म्हणणं, मग आम्ही पैसे कशाला भरायचे, झाडाखाली बसायला शेत आहे की आमचं. शिवाय तो पायथा म्हणजे अभयारण्य. 1985 पासून कोयना अभयारण्य आहे आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथं पाच-सात बायका सहा तास बसवून ठेवणं आम्हाला पटलं नाही. म्हणून बोटी दोन प्रकारच्या घ्यायच्या ठरल्या. एक वासोट्याची, चढणाऱ्यांची. दुसरी पाण्यावर फिरणारी, कोयना, सोळशी आणि कांदाटी ह्या तीन नद्या मिळतात तो संगम बघून तापोळ्यापर्यंत जाऊन येणारी. बोटीचं भाडं माणशी नसतं, बोटीमागं असतं. त्यामुळं बोट भरली तर परवडतं, ऐनवेळी दोघी गळाल्या तर बाकीच्यांवर बोजा पडतो. हिशेबापुरतं धरा, बोटीचे 4,000 झाले, दहाजणी असल्या तर 400, आठच आल्या तर 500. म्हणून ज्या बाईनं नाव दिलं आणि शेवटच्या आठवड्यात मागं घेतलं, तिचा बोटीचा वाटा परत मिळणार नाही. आजारपण, मयत सोडून. हे आधीच ठरावात लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

दुसऱ्या बोटीत आमच्या एक मावशी आहेत. सत्तरी ओलांडलेल्या. आजवर कधी सहलीला आल्या नाहीत, नाव विचारलं की म्हणायच्या, मला काय करायचंय. ह्यावेळी त्यांनी पहिल्यांदा नाव दिलं. त्यांचं माहेर ह्याच पाण्याखाली आहे. कोयनेच्या धरणात शंभराच्या आसपास गावं गेली, माणसं उठवून सांगली, सोलापूर, अगदी ठाणे जिल्ह्यापर्यंत नेऊन वसवली. मावशी तेव्हा लहान होत्या, पण पिंपळाचा पार आणि खाली नदीला जाणारी वाट त्यांना आठवते. लग्नात आणि बाळंतपणात बायका माहेराचं नाव घेतात, मावशींना नाव घ्यायला गाव नव्हतं, नव्या वसाहतीला नंबर होता. त्यांनी एवढंच विचारलं, बोटवाला मधे थोडा वेळ यंत्र बंद करील का? आमच्या दोघी बघायला गेल्या तेव्हा त्यांनी तिथल्या नावाड्याला विचारून ठेवलं. तो म्हणाला, अशी माणसं येतात, करतो बंद. ओटीचा नारळ पाण्यात सोडायचा, पण प्लास्टिकची पिशवी, ब्लाऊजपीसचा कागद काही पाण्यात जाणार नाही, हेही मावशींनीच सांगितलं.

बोटीच्या धोक्याचं मोकळेपणानं बोलायला हवं, कारण आपल्याकडची जखम अजून ओली आहे. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला महापुरातून सुटायला निघालेली बोट उलटली. बोटीत माणसं जास्त झाली होती. बायका गेल्या, मुलं गेली. तो पूर होता आणि ही सहल आहे, हे खरं. पण बोटीला ते कळत नाही, तिला वजन कळतं. म्हणून आमचे नियम असे आहेत. बोटीवर जितक्या माणसांची परवानगी, त्याच्यावर एकही नाही, कडेवरचं मूलसुद्धा मोजायचं. जाकीट नसेल तर बोटीत पाय नाही. जाकीट पदराच्या वरून घालायचं, पदर त्याच्यावरून घ्यायचा नाही, सगळे पट्टे लावायचे. मग दुसरीनं खांद्याजवळ धरून वर ओढून बघायचं. जाकीट हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे, पुन्हा आवळायचं. 'गरम होतंय' म्हणून मधेच सोडायचं नाही. फोटोसाठी सगळ्या एका बाजूला उठायचं नाही. नुसत्या ह्या एका गोष्टीनं बोट कलते. प्रत्येकीला एक आकडा दिलाय, चढताना आणि उतरताना मोठ्यानं आकडे म्हणायचे. सगळ्यांच्या नावांची आणि घरच्या फोनची यादी एक बोटीत, एक काठावर थांबणाऱ्या गाडीवाल्याकडं आणि एक गावात. बोट लांब गेली की फोनला रेंज नसते, तेव्हा घरच्यांना आधीच सांगायचं, की संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही, घाबरू नका.

चढणाऱ्यांसाठी. पायथ्याला मेट इंदवलीजवळ वनखात्याची चौकी आहे. तिथं पिशव्या उघडून बघतात, प्लास्टिक मोजून लिहून घेतात, अनामत ठेवून घेतात आणि परत आल्यावर तेवढंच प्लास्टिक दाखवलं की पैसे मिळतात. हा नियम आम्हाला फार आवडला. म्हणून चटणी-भाकरी फडक्यात बांधायची, पाणी स्टीलच्या बाटलीत, कुरकुऱ्यांची पुडकी घरीच. पुढं ओढा, मारुती-गणपतीचं ठाणं आणि मग दाट झाडीतली उभी वाट. नऊवारी नेसणाऱ्यांना चालताना अडचण नाही, सहावारीवाल्यांनी पंजाबी ड्रेस घालावा, कोण काय म्हणेल तिथं, झाडं? चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. वाटेत कुठं आडोसा बांधलेला नाही, म्हणून बामणोलीला सगळं आवरून निघायचं. पाळीचे दिवस असतील तर वापरलेलं पॅड कागदात, मग कापडी पिशवीत, आणि परत खाली. आणि एक सांगतो, पाळी आली म्हणून कुणी सहलीतून गळायचं नाही, आणि कुणी कुणाला विचारायचंही नाही. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या कमरेच्या पिशवीत, बोटीत ठेवलेल्या थैलीत नाही. साखरवाल्या बाईनं दर दोन तासांनी चार घास खायचेच. आणि एक वाजला की जिथं असू तिथून मागं. गड शंभर पावलांवर दिसत असला तरी.

वर काय आहे? महादेवाचं देऊळ, बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, वाड्याची जोती. बाबू कड्यावरून समोर जुना वासोटा आणि खोल दरी. बांधकाम थोडंच उरलंय, पण आम्ही चढणार ते एका बाईसाठी. ताई तेलीण तिचं नाव. दुसऱ्या बाजीरावाच्या काळची गोष्ट. औंधचे परशुरामपंत प्रतिनिधी पेशव्यांच्या मर्जीतून उतरले आणि मसूरला कैदेत पडले. ताई तेली समाजातली, प्रतिनिधींशी तिचं लग्नाचं नातं नव्हतं, आणि लोकांची जीभ पुष्कळदा तिथंच अडून राहते. पण वासोट्याच्या आसऱ्यानं माणसं जमवली तिनं, आणि मसूरहून प्रतिनिधींना सोडवलं तिनं. पुढं पेशव्यांचा सरदार बापू गोखले चालून आला. प्रतिनिधी वसंतगडाजवळ जखमी होऊन पकडले गेले. तेव्हा तरी तिनं हात टेकावेत? तिनं वासोटा आठ महिने लढवला. शेवटी गडावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली, खायला उरलं नाही, तेव्हा गड गेला. आठ महिने गडावरच्या माणसांना रोज किती शिधा द्यायचा, कोठार किती दिवस पुरवायचं, हा हिशेब तिनं घातलाच असेल की. आपल्या शाळेच्या पुस्तकात ती आम्हाला भेटली नाही. तिथं पोचल्यावर जोत्यावर बसून तिची गोष्ट सांगायची, हे काम आमच्यातल्या एका बारावीतल्या मुलीला दिलंय.

पैशांचं थोडक्यात. सहलीचा पैसा गटाच्या बचतीतून आणि अंतर्गत कर्जातून काढायचा नाही. वेगळी वही, वेगळा डबा. दरमहा 150 टाकले तर दहा महिन्यांत 1,500 होतात. एसटीच्या नेहमीच्या गाडीत बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्यांना तिकीट नाही, म्हणून सांगलीहून साताऱ्यापर्यंत एसटी आणि पुढं घाटासाठी ठरवलेली गाडी, असा बेत केला तर पुष्कळ वाचतात. आगाऊ रक्कम कुणालाही पावतीशिवाय द्यायची नाही, ओळखीचा असला तरी. परत आल्यावर आठ दिवसांत हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा.

राहिलं घरचं. दोन दिवस आणि एक रात्र. धार कोण काढणार, म्हातारीला गोळी कोण देणार, पोरांचा डबा? आमच्या एका गटात सासू-सून दोघी सभासद. दोघींनाही यायचं होतं आणि गोठ्यात तीन म्हशी. घरातले पुरुष म्हणाले, एकीनं जा. सासूबाई म्हणाल्या, मग सुनेला जाऊ दे, तिचे पाय आहेत तोवर गड चढू दे. सून म्हणाली, तुम्ही कधी बोटीत बसलाय? तीन बैठका हे चाललं. शेवटी शेजारच्या गटातल्या दोघींनी, ज्या ह्यावर्षी येणार नव्हत्या, धारेचं काम अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी ह्यांनी त्यांचं करायचं. आता ती वाटणी आम्ही सगळ्यांसाठीच लावली आहे. ज्या घरी राहणार त्यांच्या नावासमोर कोणाचं काय बघायचं ते लिहिलंय, आणि त्या बायकांची सहल पुढच्या वर्षी पहिली धरलीय. घरातल्या पुरुषांनीही चहा करायला शिकावं, पण त्याच्यावर विसंबून बोट ठरवू नका.

वासोट्याच्या बोटीत अजून दोन जागा आहेत, फिरणाऱ्या बोटीत तीन. नाव द्यायचं असेल तर पुढच्या बैठकीला आधारकार्डाची झेरॉक्स आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या. मावशींच्या शेजारची जागा मात्र विचारू नका, ती त्यांच्या लेकीसाठी ठेवलीय.